मिस्सेत ग्रेगोरियन गायनाची सुरुवात कुठून करावी?

सदरचा पेटीवाला:
नागपुरातील एका कॅथलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) गायनवृंदात मी पेटी वाजवतो. मराठी मिस्सेत, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, आमची गीते भजनाच्या चालींवर, तबला आणि झांजांच्या साथीने होतात व लोक मनापासून गातात. अलीकडे काही तरुणांनी ग्रेगोरियन गायनाचा, म्हणजे चर्चच्या जुन्या, साध्या लॅटिन गायनाचा, आग्रह धरला असून, १९६३ च्या व्हॅटिकन दस्तऐवजाने त्याला अग्रस्थान दिले असल्याचे ते दाखवतात. म्हणून गेल्या रविवारी प्रवेशाला एक लांबलचक लॅटिन गीत घेतले. दुसऱ्या ओळीपाशी मंडळी गप्प झाली आणि पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत राहिली. आमचे कुठे चुकले?

कामठीचा मंद्र:
तरुणांनी वाक्य अर्धेच वाचलेले दिसते. त्या दस्तऐवजाच्या, म्हणजे ‘साक्रोसांक्तुम कॉन्सिलियुम’च्या, ११६व्या कलमात अग्रस्थान आहे खरे, परंतु ‘इतर बाबी समान असल्यास’ ही अट त्याच वाक्यात आहे. शिवाय मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे ११९वे कलम सांगते. तेव्हा झांजा कपाटात टाकू नका. तुमची चूक क्रमाची आहे. १९६७ च्या ‘मुसिकाम साक्राम’ या उपासना-संगीतावरील व्हॅटिकनच्या सूचनापत्राने गायनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. धर्मगुरूंचे अभिवादन व लोकांचे उत्तर, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ आणि प्रभूची प्रार्थना पहिल्या पायरीवर येतात, ‘प्रभू दया कर’ ही दयायाचना दुसऱ्या, आणि प्रवेशगीत थेट तिसऱ्या. तुम्ही जिना वरून चढायला घेतलात.

ओवीप्रेमी:
सहमत. एक भर घालतो: लॅटिन चाल मराठी शब्दांवर जशीच्या तशी चढवू नये. ‘प्रभू दया कर’मधील ऱ्हस्व ‘द’वर पाच स्वरांची लड आली की ‘दऽऽऽया’ असे काहीतरी विचित्र ऐकू येते. त्यापेक्षा एका स्वरावर शब्द म्हणत जाऊन शेवटी थोडे उतरावे. आपल्या कानांना ते परके नाही; फादर स्टीफन्स यांचे १६१६ चे ‘क्रिस्तपुराण’ ओवीतच आहे. लॅटिन हवेच असेल तर मराठी, हिंदी, तमिळ मंडळी एकत्र येतात त्या सणाला घ्यावे. पोप सहावे पौल यांनी १९७४ मध्ये ‘युबिलाते देओ’ ही सोप्या गायनांची पुस्तिका त्यासाठीच काढली होती.

सदरचा पेटीवाला:
क्रम ध्यानात आला. मात्र पहिल्या पायरीवर फादरांनाच गावे लागणार आणि आमचे फादर सूर लावायला कचरतात.

कामठीचा मंद्र:
मिस्सेपूर्वी सॅक्रिस्टीत (धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीत) त्यांना दोन मिनिटे सूर देत जा, आणि प्रायश्चित्तकाळात (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात) प्रयोग करा. तेव्हा वाद्ये केवळ गायनाला आधार म्हणून वाजवायची असतात, त्यामुळे पेटी थांबली तरी कोणी तक्रार करणार नाही.