स्वतःसाठी मोजपट्टी किती बारीक ठेवावी?

रबाळेचा_टर्नर
रबाळे एमआयडीसीत एका टूलरूममध्ये चौदा वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर आहे. ड्रॉइंगवर शाफ्टच्या (गोल दांड्याच्या) मापात ±०.०२ मिमी चूक चालेल असं असेल तर मी स्वतःसाठी ±०.०१ धरतो. क्यूसीत (तपासणीत) पास झाला म्हणून जॉब, म्हणजे बनवलेला भाग, चांगला, असं मी मानत नाही. कडेला राहिलेली बर, म्हणजे धातूचा बारीक कंगोरा, त्यांच्या नजरेतून सुटेल, माझ्या नाही. गेल्या वर्षापासून घरीही हेच लावलंय. पहाटे उपवनला पाच किलोमीटर पळायचं, रात्री अर्धा तास अभ्यास, दिलेला शब्द पाळायचा, मुलावर आवाज चढवायचा नाही. समोरचा मागेल तेवढंच देत राहिलो तर आपण वाढणार कधी? तुमचं मत सांगा.

घंटाळीकर
मला हे अजिबात पटत नाही, दादा. मी डिझाइनमध्ये काम करते. टॉलरन्स, म्हणजे मापातली चालणारी चूक, देतो कारण शून्य चूक मशीनलाही जमत नाही. मी प्रत्येक मापाला ०.०१ लिहिलं तर ग्राइंडिंग वाढेल, खर्च वाढेल आणि तेवढ्याने जॉब जास्त दिवस टिकेल असंही नाही. बेअरिंग बसतं तिथे बारीक माप, बाकीची मापं मोकळी.

दहावीला मला ९२ टक्के पडले. ठरवले होते ९५. दोन दिवस जेवले नाही. घरात कुणी एक शब्द बोललं नव्हतं, पट्टी माझीच होती. ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार मांडले, त्यात स्वतःकडून अपेक्षा ठेवणं हाही एक आहे. त्यामुळे 'मी तर फक्त स्वतःलाच मोजतो' असं म्हणून सुटका होत नाही.

तलावपाळी_सकाळी
ताई, म्हणून पट्टीच टाकून द्यायची का? अमेरिकेचा नेता बेंजामिन फ्रँकलिन, त्याने स्वतःसाठी १३ गुणांची यादी केली होती. आठवड्याला एका गुणावर भर, म्हणजे वर्षात चार फेऱ्या. चूक झाली की वहीत काळा ठिपका. व्यवस्थितपणा त्याला शेवटपर्यंत साधला नाही, पण या खटपटीने आपण आधीपेक्षा चांगले आणि सुखी झालो, असं त्यानेच लिहून ठेवलंय. पट्टी नसती तर ठिपके दिसले असते का?

घंटाळीकर
काका, एका आठवड्यात एकाच गुणावर भर! मी तेच म्हणतेय. दादांनी चार एकदम धरलेत.

कोपरखैरणे_सेक्टर
माझे वडील असेच होते. आम्हाला कधी रागावले नाहीत. पण ते पाचला उठून बसलेले असायचे आणि आम्हाला सातला उठायचीसुद्धा लाज वाटायची. तुमच्या मुलाला काय वाटतं, ते एकदा विचारा.

रबाळेचा_टर्नर
काल विचारलं. म्हणाला, पळायला गेला नाहीस की तू दिवसभर चिडलेला असतोस. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ताई, तुमचं बेअरिंगचं उदाहरण पटलं. आवाज न चढवणं हे माझं बेअरिंगचं माप, तिथे सूट नाही. पळणं आठवड्यातून तीनदा झालं तरी चालेल. शाफ्टचं ०.०१ मात्र सोडणार नाही, त्यावर वाद नको.

घंटाळीकर
शाफ्टचं सोडूच नका. पण ज्या दिवशी आवाज चढेल, त्या दिवशी काय कराल?

रबाळेचा_टर्नर
झोपायच्या आधी त्याच्याजवळ बसून माफी मागतो. गेल्या महिन्यात दोनदा मागितली.