मदत हवी आहे: नव्या मॉनिटरवर अक्षरं आडवी ताणलेली, १०२४ × ७६८ च्या पुढे पर्यायच नाही

नमस्कार मंडळी,

माझे बाबा साताऱ्याला असतात, मी पुण्यात. बाबांचं वय ७१. गेली दोन वर्षं ते आजीच्या वहीतल्या जात्यावरच्या ओव्या कॉम्प्युटरवर उतरवताहेत. चारशेच्या आसपास झाल्या आहेत. गेल्या महिन्यात जुना मॉनिटर गेला म्हणून २२ इंची नवा घेतला आणि तेव्हापासून काम अडलं आहे.

अक्षरं आडवी ताणलेली दिसतात, कडा पुसट. डेस्कटॉपवर आजीचा फोटो आहे, त्यात तिचा चेहरा रुंद झालाय. बाबांना सगळ्यात जास्त तेच खुपतं. टाइप करताना घ की ध, भ की म हे ओळखू येत नाही, अनुस्वार तर गायबच. परवा फोन करून विचारत होते, "मांडव लिहिलंय की माडव, तू सांग."

डिस्प्ले सेटिंग्जमध्ये १०२४ × ७६८ दिसतं. यादीत त्याच्या खाली ८०० × ६००, वर काहीच नाही. मॉनिटरच्या खोक्यावर १९२० × १०८० छापलंय. बसवायला आलेला माणूस म्हणाला, जुन्या मशीनवर एवढंच येणार, नवीन कॉम्प्युटर घ्या. मला हे पटत नाही. मशीन चौथ्या पिढीचं आय-थ्री, ग्राफिक्स इंटेलचं आतलंच, विंडोज १०. जोडणी जुन्याच निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलने.

रीस्टार्ट, मॉनिटरच्या मेनूतलं ऑटो ॲडजस्ट, विंडोज अपडेट, सगळं झालं. बाबांकडून फोनवर करून घ्यायचं असल्यामुळे एकेक पायरी सांगितलीत तर फार मदत होईल.

प्रतिसाद १

ताणलेलं का दिसतं ते आधी सांगतो. १०२४ × ७६८ हे ४:३ चं चित्र, तुमचा पडदा १६:९ चा. ते पडद्यावर पसरताना आडवं १.८७ पट आणि उभं १.४ पट होतं, म्हणजे प्रत्येक अक्षर उंचीच्या मानाने एक तृतीयांश जास्त रुंद. मॉनिटरमध्ये दोष नाही.

आता स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडायला सांगा. दोन ठिकाणी काय लिहिलंय ते हवं: डिस्प्ले ॲडॉप्टर्स आणि मॉनिटर्स. पहिल्यात 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर' असेल तर ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हरच बसलेला नाही. तसं असेल तर कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा इंटेलच्या साइटवरूनच घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाचं फुकट काही उतरवू नका.

धागाकर्ता

बाबांनी फोटो पाठवला. पहिल्यात इंटेल एचडी ग्राफिक्स ४४०० आहे. दुसऱ्यात 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर'.

प्रतिसाद २

'नॉन-पीएनपी' म्हणजे कॉम्प्युटरला मॉनिटरची ओळख पटलेली नाही. मग केबलच बघा. मॉनिटर आपली ओळख आणि त्याला झेपणारी रिझोल्यूशन्स (पडद्यावरच्या आडव्या × उभ्या ठिपक्यांचे आकडे) कॉम्प्युटरला स्वतः कळवतो. त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ क्रमांकाच्या पिनांवरून ती जाते. पिन वाकली असेल किंवा स्वस्त केबलमध्ये ती तारच नसेल, तर चित्र व्यवस्थित येतं पण ओळख पोचत नाही, आणि विंडोज सावधपणे कमी रिझोल्यूशनवर थांबतं. (९ क्रमांकाची पिन पुष्कळ केबलींत मुळातच नसते, तिच्यावरून निष्कर्ष काढू नका.)

इंटेलच्या सेटिंगमधून जबरदस्तीने १९२० × १०८० घालता येतं, पण फोनवरून हा उद्योग नको. चुकीचा रिफ्रेश रेट (सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने उमटतं तो आकडा) पडला तर पडद्यावर 'आउट ऑफ रेंज' येऊन सगळं काळं होतं. डिस्प्ले सेटिंग्जमधून केलेला बदल १५ सेकंदांत 'कीप चेंजेस' न दाबल्यास आपोआप मागे जातो. इतर मार्गांनी केलेल्या बदलात तो आधार मिळेलच असं नाही.

मॉनिटरला आणि सीपीयूच्या मागे एचडीएमआयची खाच आहे का? असेल तर आत्ता खर्च करू नका, टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सची केबल काढून लावून पाहा. व्हीजीए ॲनालॉग असल्यामुळे १९२० × १०८० ला थोडी पुसट दिसू शकते, तीही तक्रार जाईल.

धागाकर्ता

दोन्हीकडे खाच निघाली! बाबांनी दोन्ही उपकरणं बंद करून स्वतः केबल बदलली. चालू केल्यावर १९२० × १०८० आपोआप आलं. आजीचा चेहरा पुन्हा तिचा झाला, हे बाबांनी फोनवर दोनदा सांगितलं.

आता अक्षरं बारीक दिसतात. बाबा म्हणतात, रिझोल्यूशन थोडं कमी करतो. आणि स्पीकरचा आवाज बंद झालाय.

प्रतिसाद ३

रिझोल्यूशनला हात लावू देऊ नका! कितीतरी घरांत मोठ्या अक्षरांसाठी हेच केलेलं असतं आणि मग जोडाक्षरं चिखल होऊन डोळे दुखतात. मॉनिटरच्या ठिपक्यांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे त्याच्या मूळ आकड्यावरच अक्षर रेखीव येतं. त्याच पानावर 'स्केल' आहे, ते १२५ किंवा १५० टक्के करा आणि एकदा साइन आउट करून परत या. रेषा तेवढ्याच धारदार राहून अक्षर मोठं होईल.

आवाज एचडीएमआयवरून मॉनिटरकडे गेलाय. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून जुने स्पीकर निवडा.

धागाकर्ता

१५० ठेवलं, आवाजही आला. फक्त बाबांचं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर तेवढं धूसर दिसतंय, बाकी सगळं स्वच्छ.

प्रतिसाद ३

त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. खालच्या चौकटीत टिक करून 'सिस्टिम (एनहान्स्ड)' निवडा. नाही जमलं तर तिथेच 'ॲप्लिकेशन' करून पाहा, त्यात अक्षर रेखीव पण लहान येईल.

धागाकर्ता

पहिल्यानेच झालं. शब्द 'मांडव' होता. बाबा आता आधी टाइप केलेल्या ओव्या पहिल्यापासून तपासायला बसलेत. या महिन्यात उतरवलेल्या तीसेक ओव्यांत अकरा ठिकाणी अनुस्वार राहिलेले सापडले. तुम्हा तिघांचे मनापासून आभार. धागा सुटला असं धरायला हरकत नाही.