ठासणीच्या बंदुकीत अर्ध्यावर अडकलेली गोळी कशी काढावी?

किनवटचा शेतकरी

सर्वांना नमस्कार. किनवट तालुक्यात आमची कोरडवाहू शेती असून पीक संरक्षणासाठी वडिलांच्या काळापासून घरात एक ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायची, एकनळी बंदूक आहे. वडिलांच्या पश्चात तिचा परवाना रीतसर माझ्या नावावर झालेला आहे. नळी १२ बोअरची, आतून गुळगुळीत असून बंदूक टोपीवर, म्हणजे घोडा आदळताच पेट घेणाऱ्या छोट्या स्फोटक कॅपवर, चालते. सोयाबीन आणि तुरीच्या राखणीला मी एरवी नुसत्या दारूचा, आवाजापुरता बार काढतो. यंदा रानडुकरांसाठी वन विभागाची लेखी परवानगी मिळाली, म्हणून मी पहिल्यांदाच शिशाची गोल गोळी भरली. नेहमीच्या मापाने दारू घालून, तेल लावलेल्या जाड सुती चिंधीत गुंडाळलेली गोळी मी गजाने (ठासायच्या लांब काठीने) खाली सरकवू लागलो, तेव्हा ती मध्येच थांबली आणि आता ती पुढेही जात नाही, मागेही येत नाही.

बाहेरून मोजल्यास नळीच्या तोंडापासून कानापर्यंत (मागच्या बाजूला टोपी बसते त्या भोकापर्यंत) ३८ इंच भरतात आणि गज आत २९ इंचांवरच अडतो. त्याच्या दोन दिवस आधी मी भुरभुर पावसात तीन बार काढले होते आणि नळी धुतली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगतो. शेजारचे एक आजोबा म्हणतात की टोपी लावून बार टाकावा, गोळी आपोआप निघून जाईल. दुसऱ्या एकाने नळी तापवून शिसे वितळवण्याचा सल्ला दिला. मला दोन्ही पटलेले नाही. टोपी काढून बंदूक कुलपात ठेवली आहे, पण घरात लहान मुले असल्यामुळे झोप लागत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त आर्मोरर, छत्रपती संभाजीनगर

आपण थांबून विचारलेत, हे फार चांगले केलेत. आजोबांचा अनुभव मोठा असेल, तरीही या बाबतीत त्यांचे ऐकू नये. आपल्याच मापांवरून पाहा: गोळीच्या माथ्यापासून कानापर्यंत ९ इंच उरतात. त्यातला पाऊण इंच गोळीचा आणि इंच-दीड इंच दारूचा धरला, तरी दारू आणि गोळी यांच्यामध्ये जवळपास ७ इंचांची पोकळी राहते. ठासणीच्या बंदुकीत गोळी दारूवर घट्ट टेकलेली असावी लागते. मध्ये पोकळी असेल, तर दारूचा वायू वेग घेऊन येतो आणि स्थिर गोळीवर आदळतो, त्या एका जागी दाब एकदम चढतो आणि नळी तिथेच फुगते किंवा फाटते. आपल्या हिशेबाने ती जागा तोंडापासून २९ इंचांवर, म्हणजे नळीखाली धरलेल्या डाव्या हाताच्या आसपास येते.

नळी तापवणे तर त्याहून वाईट. शिसे वितळायला ३२७ अंश सेल्सिअस लागतात, आणि तितकी उष्णता मागच्या दारूपर्यंत पोहोचल्यावर ती शांत बसेल अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही.

पहिले काम दारू निकामी करण्याचे. काळ्या दारूत सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते. सोरा पाण्यात विरघळतो, म्हणून दारू मारायला पाण्यासारखा दुसरा उपाय नाही. तेलाने ती मरते असा समज आहे, पण त्यावर विसंबू नका. बंदुकीचे तोंड मोकळ्या मातीच्या दिशेने ठेवून, ज्या निपलवर टोपी बसते ते निपल चावीने काढावे आणि त्या भोकातून पिचकारीने कोमट पाणी पुन्हा पुन्हा आत सोडावे. काळे पाणी बाहेर येऊ लागले, तरी आणखी काही वेळा सोडावे आणि एक दिवस तसेच ठेवावे. निपल गंजून बसले असेल तर जोर करू नये. त्याच्याच भोकातून, वेळ लागला तरी, पाणी जाऊ द्यावे. एवढे केल्यावरही बंदूक भरलेलीच आहे असे समजून वागावे आणि नळीच्या तोंडासमोर डोके, छाती किंवा तळहात कधीही आणू नये, कारण गोळीच्या बुडाशी सुकी दारू राहिलेली असू शकते.

दुसरीकडे, तोंडाच्या बाजूने गोळीभोवती थोडे पातळ तेल सोडून ते एक रात्र मुरू द्यावे. आपल्या वर्णनावरून असे दिसते की गोळी शिशाच्या आकारामुळे कमी आणि आधीच्या बारांच्या काजळीमुळे जास्त अडकली आहे. ही काजळी हवेतला ओलावा ओढते, ओल्या दिवसांत तिच्याखाली गंज धरतो, आणि जाड चिंधी तिथे पाचरीसारखी बसते.

धाराशिवचा वाचक

वरील सल्ल्याला माझ्या अनुभवाची जोड देतो. माझ्याकडून अशाच प्रसंगी लाकडी गज आतच मोडला आणि एका अडथळ्याचे दोन झाले. म्हणून लाकडी गजावर जोर देऊ नका आणि त्यावर हातोडी तर मुळीच चालवू नका. ठोकल्याने मऊ शिसे चेपून रुंद होते आणि नळीला आणखी घट्ट धरते.

शिशाची गोळी काढण्यासाठी गजाच्या टोकाला लावायचा टोकदार आट्यांचा स्क्रू मिळतो. पोलादी गज आणि स्क्रू नळीच्या बरोबर मध्यावर ठेवणारी पितळी चकती, ही जोडी असावी. चकती नसेल तर स्क्रू कडेला घसरून नळीच्या भिंतीला ओरखडे पाडतो. स्क्रू शिशात रुतला की गजाचे दुसरे टोक झाडाला किंवा भक्कम खांबाला बांधावे आणि आपण दस्त्याच्या मागे उभे राहून बंदूक मागे ओढावी, म्हणजे तोंड झाडाकडे राहते आणि माणूस नळीच्या रेषेत येत नाही.

निवृत्त आर्मोरर, छत्रपती संभाजीनगर

झाडाची युक्ती योग्य आहे. मात्र तोंडापासून २९ इंच आत गेलेल्या गोळीला मी ग्रीसची पद्धत अधिक पसंत करतो. निपलच्या आट्यात बसेल असा जोड कारागिराकडून करून घेतला, की ट्रॅक्टरला ग्रीस भरण्याच्या पिचकारीनेच मागून दाब देता येतो आणि गोळी इंचाइंचाने तोंडाकडे सरकते. ग्रीस हवेसारखे दबून उसळत नाही, त्यामुळे गोळी सुटली तरी वेगाने फेकली जात नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने हा प्रयोग करू नये. तिथे सुटलेली गोळी बंदुकीच्या गोळीसारखीच जाते. नंतर नळीतील ग्रीस रॉकेलने आणि साबणाच्या गरम पाण्याने काढण्याला अर्धा दिवस लागतो, पण नळी वाचते.

आणखी एक. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. म्हणून जोड बनवणे किंवा नळीचा मागचा बूच उघडणे ही कामे गावच्या लेथवर करू नका. दारू पाण्याने मारल्यानंतर परवानाधारक दुकानात आधी फोन करून, बंदूक भरलेली आहे हे स्पष्ट सांगून, मूळ परवान्यासह तिथे घेऊन जा. भिजवलेली नळी मात्र फार दिवस तशी ठेवू नका.

धाराशिवचा वाचक

गोळीचा व्यास मोजून कळवाल का? १२ बोअर म्हणजे नळीत बसणाऱ्या शिशाच्या १२ गोळ्या मिळून एक पौंड, आणि त्या हिशेबाने नळीचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर येतो. गोळी १८ मिलिमीटर असेल तर चहूबाजूंनी जेमतेम पाव मिलिमीटर जागा उरते, आणि त्यात जाड चिंधी कशी मावणार?

किनवटचा शेतकरी

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. निपल सुदैवाने निघाले. दोन दिवस पाणी सोडले, पहिल्या दिवशी शाईसारखे काळे आणि दुसऱ्या दिवशी जवळपास स्वच्छ पाणी आले. त्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणच्या परवानाधारक दुकानात बंदूक नेली. तिथल्या कारागिराने ग्रीसचीच पद्धत वापरली आणि पाऊण तासात गोळी तोंडाशी आली. चिंधी एका बाजूला फाटून तिची घडी झाली होती. गोळी १८.१ मिलिमीटर भरली. नळीत उजेड टाकून पाहिले तेव्हा त्याच जागी गंजाचे कडे दिसले. कारागिराच्या मते ते वरवरचे आहे, पण त्याने नळीची पूर्ण तपासणी होईपर्यंत बार काढू नये असे सांगितले आहे.

त्याने माझ्या नव्या पोलादी गजावर कानशीने दोन खुणा करून दिल्या: एक नळी रिकामी असतानाची आणि दुसरी दारूवर गोळी नीट टेकल्यावरची. वडिलांच्या जुन्या लाकडी गजावरही दोन बारीक खाचा होत्या, पण त्या कशासाठी आहेत हे मला आजवर ठाऊक नव्हते.