मनगटाची नस शिवल्यावर स्पर्शाच्या सरावासाठी काय घ्यावं?

बोथट_बोटं:
काच घुसून मनगटात मीडियन नर्व्ह कापली गेली होती, ती शिवून झाली, जखम भरली, आता अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत जरा जरा कळायला लागलंय पण मधल्या बोटाला काही टेकलं की तर्जनीला टेकल्यासारखं वाटतं!! सराव सुरू करायचाय. तीन गोष्टी डोक्यात आहेत, खरखरीत-मऊ तुकड्यांचं रेडीमेड किट, आरसा पेटी (चांगल्या हाताचं प्रतिबिंब दुसऱ्या हाताच्या जागी दाखवणारी) नाहीतर ट्यूनिंग फोर्क (ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा). एकच घेणार, स्वस्तातली, आणि रोज वीसेक मिनिटांच्या वर वेळ नाही. कोणी काय वापरलंय?

खटपट्या:
किट घे आणि घेतोच आहेस तर सगळ्यात मोठं घे. माझ्या किटातले तुकडे लगेच सुटायला लागले, गोंदच धड नव्हता, मेल केला तर उत्तर नाही. तरी सांगतो, किटच. रोज दोन तास बस.

उगाचच:
आरसा पेटी!! मेव्हण्याचा हात गेला त्यानंतर गालाला हात लावला की नसलेल्या बोटांना लागायचं. मेंदूत हाताची जागा चेहऱ्याच्या शेजारीच असते, पेनफील्ड या मेंदूच्या सर्जनने १९३७ सालीच तो नकाशा छापलाय. हात गेला की चेहरा ती जागा बळकावतो. मेंदूतज्ज्ञ रामचंद्रनची आरसा पेटी वापरली आणि दुखणं कमी झालं.

प्राणीशास्त्रवाला:
बळकावतो हे आता तितकंसं खरं धरत नाहीत. मेंदू-संशोधक टॅमार मॅकिनच्या गटाने २०२५ मध्ये हात काढायच्या आधीचे आणि नंतरचे स्कॅन ताडून बघितले, हाताचा नकाशा जवळपास जसाच्या तसा होता. माकडांत मात्र मर्झेनिक आणि कास या संशोधकांना १९८० च्या दशकात मीडियन नर्व्ह कापल्यावर शेजारच्या भागांचा स्पर्श त्या जागेत आलेला दिसला होता. आणि नकाशा बघायचाच तर उंदराचा बघा, प्रत्येक मिशीला कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) स्वतंत्र पेशींचा पुंजका, १९७० मध्ये वूल्सी आणि व्हॅन डर लूस यांनी दाखवलं. मी स्वतः स्लाइडवर बघितलेत, देखणे असतात.

उगाचच:
म्हणजे मेव्हणा खोटं बोलतो का?

प्राणीशास्त्रवाला:
असं कुठे म्हटलं. त्याला जे जाणवलं ते खरंच, कारणाबद्दल बोलतोय मी.

आडवा_प्रश्न:
मुळात स्पर्श मणक्यातच उलट्या बाजूला जातो ना? मग दुसऱ्या हाताचा सराव केला तर?

प्राणीशास्त्रवाला:
मणक्यात ओलांडतात ते दुखणं आणि गरम-गार. बारीक स्पर्श त्याच बाजूने वर मेड्युलापर्यंत (मेंदूचा अगदी खालचा भाग) जातो, तिथे बाजू बदलतो, मग थॅलॅमस (मेंदूच्या आतलं मधलं स्टेशन), मग कॉर्टेक्स.

तारसप्तक:
मला तर सरावाला काहीच विकत घ्यावं लागलं नाही, लहानपणापासून व्हायोलिन. १९९५ च्या एका अभ्यासात तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना मेंदूत जास्त जागा दिसली होती, लवकर सुरू केलं त्यांच्यात फरक जास्त. वाद्य शिका.

हात_थेरपीवाली:
इथे सगळे सुटलेत, म्हणून जरा नीट लिहिते. दादा, नस वाढते साधारण दिवसाला एक मिलिमीटर, मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत महिनोन्‌महिने लागणारच. वाढताना सगळे तंतू जुन्या जागी जात नाहीत, बोर्ड तोच पण वायरी इकडच्या तिकडे जोडल्यासारखं होतं, म्हणून मधल्या बोटाचं तर्जनीत जाणवतं. वायरी परत बदलता येत नाहीत, मेंदूला नवीन जोडणी शिकवायची. पेन्सिलीच्या मागच्या रबराने बोटाच्या एका जागी दाबा, बघत बघत. मग डोळे मिटून तेच, कुठे लागलं ते बोलायचं, मग उघडून खात्री करायची. ते जमलं की किल्ली, बटण, नट-बोल्ट पिशवीत टाकून चाचपून ओळखा. थोडं थोडं, दिवसातून चारदा, एका बैठकीत दोन तास मुळीच नको. आरसा जास्त उपयोगी पडतो बोटात काहीच कळत नसतं तेव्हा, तुमची ती पायरी गेली. फोर्क हे तपासायचं साधन आहे, त्याने सराव होत नाही. आणि गरम भांडं त्या हाताने नको, भाजलेलं कळणार नाही. तुमच्या थेरपिस्टला विचारूनच करा.

खटपट्या:
तेच तर म्हणतोय, खरखरीत-मऊ ओळखायचं, म्हणजे किट.

उगाचच:
आरशाला नाव ठेवू नका.

बोथट_बोटं:
सगळ्यांचे आभार, ताईंचे विशेष. रबर आणि पिशवी आजपासून सुरू. पण फोर्क मागवला, २५६ वाला (सेकंदाला तितक्या वेळा थरथरतो), हो माहितीये सराव होत नाही. आपल्याला जिथवर थरथर कळते तिथे पेनाने खूण करायची, पुढच्या महिन्यात रेघ पुढे सरकली का बघायचं, एवढंच. व्हायोलिन नको, शेजारी आधीच वैतागलेत.

खटपट्या:
पैसे वाया. किट घ्यायला हवं होतंस.