रडायला लावणारी जपानी गाणी: तुमचं कुठलं?

अर्धाकप
काल संध्याकाळी शेजारची मुलगी गॅलरीत येरझाऱ्या घालत काहीतरी गुणगुणत होती. जपानीच्या क्लासात गाणं बसवतायत म्हणे. मी निवडत होते ती मेथी तशीच टाकून आत गेले आणि नळ सोडून रडले. चाल 'युयाके कोयाके'ची होती.

तिकडे राहिलेल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: जपानात गावोगावी नगरपालिकेचे भोंगे असतात, भूकंप-त्सुनामीची सूचना द्यायला. ते चालू आहेत ना, हे कळावं म्हणून रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास एखादी चाल वाजवतात. बऱ्याच ठिकाणी हेच बालगीत. आभाळ लाल झालं, डोंगरावरच्या देवळातली घंटा वाजली, हातात हात घ्या, चला कावळ्यांबरोबर घरी. एवढंच. पोरं खेळ मोडून निघतात.

२०२० च्या मे महिन्यात बाबा गेले तेव्हा मी तोक्योत होते. विमानं बंद. दादाने फोनवर जेवढं दाखवलं तेवढं पाहिलं. रडू म्हणून आलं नाही, ऑफिसच्या मीटिंगाही केल्या. अकराव्या दिवशी वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेले आणि भोंगा वाजला. घरी चला म्हणे. तिथेच बसले, मांडीवर कपड्यांचा ढीग घेऊन.

तर सांगा तुमची गाणी. अनिमेतली, एंका (म्हणजे जुन्या ढंगाची भावगीतं), शाळेतली, काहीही चालेल.

कढीपत्ता
अगं!! टडोपा, टचकन डोळ्यात पाणी. फोनवरून आहे आणि तव्यावर पोळी आहे. नंतर नीट लिहिते.

बिनसाखरेचा
'उए ओ मुइते आरुको'. क्यू साकामोतो, १९६१. डोळ्यातलं पाणी खाली सांडू नये म्हणून मान वर करून चालू या, असं गाणं. चाल इतकी आनंदी की पहिली दोन वर्षं मी ते सहलीचं गाणं समजत होतो. शेवटी शेवटी तो शब्द सोडून नुसती शीळ घालतो. माणूस शीळ कधी घालतो, तर गळ्यातून शब्द फुटत नसतात तेव्हा. हे मला चाळिशीत कळलं.

अमेरिकेत हेच गाणं १९६३ साली तीन आठवडे पहिल्या नंबरावर होतं. नाव काय दिलं? 'सुकियाकी'! तो एक बीफ घातलेला रस्सा आहे हो. गाण्याशी काडीचा संबंध नाही. आपली एखादी विराणी परदेशात 'पांढरा रस्सा' म्हणून विकावी तसं.

रंकाळ्याकाठी
पांढऱ्यानं नाही येत डोळ्यात पाणी. तांबडा म्हणा.

बिनसाखरेचा
दुरुस्ती मान्य.

मान_वर
आयडी बघून कळलंच असेल माझं गाणं कुठलं. वर एक राहिलं ते सांगते. ते प्रेमभंगाचं वाटतं, पण एइ रोकुसुके यांनी ते लिहिलं १९६० चं अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्धचं आंदोलन फसलं त्या निराशेतून. शब्दांत मात्र कुठे राजकारण नाही, म्हणून ते ज्याचं त्याचं होतं. आणि क्यू-सान स्वतः १२ ऑगस्ट १९८५ च्या विमान अपघातात गेले. ५२० माणसं गेली त्यात. हे कळल्यापासून मी ती शीळ यायच्या आधीच गाणं बंद करते.

पाटपाणी
अवांतर: डिसेंबरच्या एन-थ्रीचा, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेचा, फॉर्म कोणी भरला का? पुणे सेंटर लवकर भरतं का?

नंतर_सांगतो
हायला, लोक रडतायत आणि याला फॉर्म.

पाटपाणी
मी पण रडतोच आहे, कानजीमुळे, त्या चित्रलिपीमुळे.

धाकटी
'नादा सोसो'. नात्सुकावा रिमीने म्हटलेलं. ओकिनावाच्या बोलीत नावाचा अर्थच अश्रू घळाघळा वाहणं. शब्द लिहिले मोरियामा र्योको यांनी, तरुणपणी गेलेल्या भावासाठी. जुना फोटोंचा अल्बम चाळतानाचं आहे.
मलाही भाऊ होता. बास.

मान_वर
धाकटी 🫂

कढीपत्ता
पोळी करपली. धाकटी, तुला विपू (विचारपूस) करते.

उंबरठा
मला जपानी ढिम्म येत नाही. नवरा नागोयात होता तेव्हा मी दोन वर्षं तिथे राहून 'सुमिमासेन' आणि 'पिशवी नको' एवढंच शिकले. पण रडायला मराठी गाणी लावली की शब्द मध्ये येतात, मग मी अर्थात अडकते, मग गायिका चांगली की संगीतकार, असं डोक्यात सुरू होतं. जपानीत ती भानगड नाही. नुसता आवाज. एकच शब्द ओळखीचा वाटायचा, 'आई'. बायका इतकं कळवळून आईला हाका का मारतात, म्हणून मीही मनसोक्त रडायचे. दीड वर्षाने नवऱ्याने सांगितलं की 'आइ' म्हणजे प्रेम.

बिनसाखरेचा
😂😂 काय चुकलं त्यात?

रंकाळ्याकाठी
हसून हसून टडोपा.

संसारे
कोणी 'तोइरे नो कामिसामा' लिहिलं नाही? उएमुरा काना, २०१०. गाणं जवळजवळ १० मिनिटांचं आहे, भांडी घासायला लावा आणि शेवटच्या पातेल्यापर्यंत कामातून जा.
लहान मुलगी आजीकडे राहते. सगळी कामं करते, फक्त संडास घासायचा कंटाळा. आजी सांगते, तिथे एक फार सुंदर देवी राहते, रोज स्वच्छ केलास तर तूही तशीच सुंदर होशील. पोरगी घासायला लागते. मग मोठी होते, आजीशी भांडते, घर सोडते, शहरात रमते. आणि शेवटी दवाखान्यात भेटायला येते तर आजी म्हणते, आता घरी जा. दुसऱ्या दिवशी आजी नाही.
माझी आजी केरसुणीला पाय लागला तर नमस्कार करायला लावायची, लक्ष्मी म्हणून. मी बारावीत तिला 'गावठी' म्हणाले होते. एकदाच म्हणाले होते.
नवऱ्याने विचारलं कशाला रडतेस. म्हटलं, संडासातल्या देवीसाठी. तो काही न बोलता बाहेर गेला आणि दूध घेऊन आला. दूध होतं घरात.

नंतर_सांगतो
दूध घेऊन येणाऱ्या नवऱ्यासाठी वेगळा धागा काढा.

जुनी_जाणती
तुमची सगळी नवी गाणी. मी जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेली, त्यामुळे मला कुमामोतोकडची 'इत्सुकी नो कोमोरीउता' लागते. नाव अंगाईचं, पण ती बाळासाठी नाहीच. गरिबाघरच्या मुली दुसऱ्याची पोरं सांभाळायला पाठवायचे, त्या मुलींनी स्वतःसाठी म्हटलेली. ओबोनचा सण आला की मी सुटले, घरी गेले, असं सुरुवातीला. आणि पुढे: मी मेले तर माझ्यासाठी कोण रडेल, मागच्या डोंगरातले सिकाडा किडे. जपानीत रडणं आणि किड्यापाखरांचं ओरडणं, दोन्हींना 'नाकु'च म्हणतात, त्यामुळे ते किडे खरंच रडतात. दिवाळीला मुराळ्याची वाट बघणारी सासुरवाशीण आणि ही, फार लांबच्या नाहीत हो.

संसारे
जुनी_जाणती, कुठे होतात इतके दिवस! वाखु (वाचनखूण) साठवली.

मान_वर
'आकातोम्बो'ही त्याच जातीचं ना? लाल चतुराचं. पाठुंगळी घेणारी, पोर सांभाळायला ठेवलेली ताई पंधराव्या वर्षी लग्न होऊन गेली आणि मग गावाकडची खबरबातही थांबली, असं एकच कडवं मध्ये येतं. बाकी सगळं गाणं त्या कडव्याला लपवायला.

पाटपाणी
बरं, आम्हाला क्लासात 'फुरुसातो' शिकवलं. १९१४ चं शाळेचं गाणं. सुरुवातीला 'उसागि ओइशि', म्हणजे डोंगरात सशांच्या मागे धावलो. आम्ही सगळ्यांनी 'ससा चविष्ट' असा अर्थ लावला. सर म्हणाले, जपानी मुलंही हेच समजतात.

रंकाळ्याकाठी
पुन्हा रस्सा.

जुनी_जाणती
अर्धाकप, एक विचारू का? राग नको. कावळ्यांबरोबर घरी चला, असं आहे ना त्यात. आणि तू म्हणतेस अकराव्या दिवशी. दहाव्याला कावळा शिवला होता का गं लगेच?

अर्धाकप
नाही काकू. दादा फोन धरून उभा होता. घाटावर गुरुजी आणि तो, दोघंच. तासभर वाट पाहिली. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. मी तोक्योत, तिथे रात्र व्हायला आलेली. मी कोणाला हे बोलले नव्हते आजपर्यंत.

कढीपत्ता
ओटा आवरून आता नीट लिहायला बसले होते. राहू दे. उद्या लिहिते.