क्लिफर्ड वूल्फ यांचं काम सांगायचंय, पण हाताशी नुसते सायटेशनचे आकडे आहेत

अनुजा_फिजिओ
नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय जुनाट गुडघेदुखी. पुढच्या आठवड्यात सेमिनारमध्ये वेदनाविज्ञानातल्या एका संशोधकाची ओळख करून द्यायची आहे. मी क्लिफर्ड वूल्फ घेतले, कारण पेशंटला 'सेंट्रल सेन्सिटायझेशन' (मज्जारज्जू-मेंदूच हळवे होऊन वेदना वाढणं) समजावताना रोज त्यांच्याच कामाचा आधार घेते. स्लाइडवर एकूण पेपर, सायटेशन (इतरांनी आपल्या पेपरात त्यांचा दिलेला संदर्भ), एच-इंडेक्स असं सगळं टाकलं. सायटेशन मोजणाऱ्या साइट बघितल्या तर गूगल स्कॉलरवर एक आकडा, स्कोपसवर दुसरा, वेब ऑफ सायन्सवर तिसराच. सरांना दाखवलं तर म्हणाले, "आकडे कळले. पण यांनी केलं काय?" मला धड चार वाक्यं सांगता आली नाहीत. फार लागलं ते मनाला. कुठला आकडा धरू? आणि आकड्यांवरून काम कितपत कळतं?

मज्जारज्जू
अनुजाताई, आकडा कुठलाही घ्या. कुठून आणि कुठल्या तारखेला घेतला ते खाली लिहा, झालं. स्लाइडच्या मध्यभागी मात्र १९८३चा पेपर ठेवा. 'नेचर', डिसेंबर महिना, जेमतेम तीन पानं, लेखक एकटे वूल्फ. तेव्हा ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वेदना-संशोधक पॅट्रिक वॉल यांच्याकडे होते.

भाजल्यावर आजूबाजूला नुसतं बोट लागलं तरी दुखतं, हे आपण सगळेच जाणतो. त्या काळी बहुतेकांचं म्हणणं असं की दोष त्वचेतल्या संवेदकांचा, तेच हळवे होतात. वूल्फ यांनी उंदराचा पाय मागे ओढला जाण्याची प्रतिक्षिप्त क्रिया मोजली आणि दाखवलं की इजेनंतर वाढलेली ही उत्तेजना काही अंशी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून येते. 'काही अंशी' हे शब्द त्यांनी सारांशातच घातलेत. त्वचेचा वाटा त्यांनी नाकारला नाही. मला त्या पेपरात सर्वांत जास्त आवडतं ते हेच.

आता सायटेशनचं. मी कितीतरी वर्षं उंदीर जाळीवर ठेवून काम केलंय. अर्धा तास त्याला शांत होऊ द्यायचं, मग खालून नायलॉनचा केस पंजाला टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबायचा. पंजा झटकला की वहीत खूण, म्हणजे किती दाबाला तो पाय काढतो ते कळतं. माझ्या प्रत्येक पेपरात यासाठी चॅपलन आणि सहकाऱ्यांचा १९९४चा पेपर येतो. त्यावर माझं काही म्हणणं नसतं. पद्धत त्यांची, म्हणून नाव त्यांचं. वेदना-संशोधक मेल्झॅक यांचंही बघा. १९७५ची मॅकगिल प्रश्नावली, वेदनेचे ७८ शब्द, २० गट. कुणीही वापरली की नाव येणारच. वॉल यांच्यासोबतचा १९६५चा 'गेट कंट्रोल'चा (मज्जारज्जूत दारासारखी यंत्रणा वेदनेचे संदेश अडवते किंवा सोडते, हा सिद्धांत) पेपर मात्र लोक वाद घालायलाही काढतात. त्यातल्या मज्जारज्जूच्या आकृतीचे तपशील पुढे चुकीचे ठरले, पण मेंदू आणि मज्जारज्जू वेदना कमी-जास्त करतात ही कल्पना टिकली. मोजणीत यातलं प्रत्येक सायटेशन सारखंच, एक.

तुमचा पेशंट 'ठणकतंय' म्हणतो की 'चमक मारते' म्हणतो, हे तुम्ही वेगवेगळं लिहून घेता ना? मग सायटेशनही तसंच उघडून बघा: प्रस्तावनेत आहे, पद्धतीत आहे, की चर्चेत.

ग्रंथालय_सोलापूर
तीन आकड्यांचं कारण साधं आहे. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकातली प्रकरणं, प्रीप्रिंट (जर्नलात येण्याआधीचे मसुदे) सगळं मोजतं, म्हणून तिथला आकडा सहसा मोठा. बाकीचे दोघे निवडक जर्नलं धरतात. एच-इंडेक्स हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली सुचवला. एच-इंडेक्स ५० म्हणजे प्रत्येकी निदान ५० सायटेशन असलेले ५० पेपर. त्यात एखादा पेपर शंभरदा घेतला गेला काय नि पाच हजारदा काय, मोजला जातो एकच. म्हणजे १९८३ची ती तीन पानं तिथे इतर कुठल्याही पेपरासारखीच. आणि सी. वूल्फ नावाचे दुसरे लेखक यादीत मिसळलेत का, ते एकदा तपासा.

अनुजा_फिजिओ
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री आधी माझाच मसुदा उघडला. वूल्फ यांचा 'पेन' या जर्नलातला २०११चा लेख मी सहा वेळा घेतलाय, सहाही वेळा प्रस्तावनेत, एकाच वाक्याच्या आधाराला. १९८३चा एकदा घेतलाय, आणि तो मी वाचलेलाच नव्हता. आज सकाळी वाचला. दोनदा. चर्चेच्या प्रकरणात 'गुडघ्याच्या वेदनेचं मूळ मज्जारज्जूत आहे' असं मी ठोकून दिलं होतं, तिथे आता 'काही अंशी' घातलंय.