टायफॉईडच्या लशीतली साखर एचआयव्हीवर कशी चालेल?

कोपरखैरणेचा मेडिकलवाला:
२०१८ साली नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉईडची लस टोचली होती, आठवतंय? माझी धाकटी तेव्हा सहावीत. सुईपेक्षा रांगेलाच जास्त वैतागली होती. आता मायक्रोबायोलॉजी शिकतेय. काल जेवताना म्हणाली, "पप्पा, त्या लशीत जंतूची साखर होती. आता तशाच साखरेवरून एचआयव्हीची लस शोधतायत." आमच्या आईला मधुमेह, ती ताटावरच ओरडली, "पोरीला साखर टोचली?" माझा प्रश्न वेगळा आहे. टायफॉईडचा बॅक्टेरिया, एचआयव्ही विषाणू. बॅक्टेरियाची साखर विषाणूवर कशी चालेल? कार्टी म्हणते, स्वतः वाचा.

नौपाड्याची मावशी:
दादा, आईंना सांगा, चहातली साखर नव्हे ती. साखरेच्या रेणूंची माळ, जंतूने अंगावर पांघरलेली. नुसती माळ टोचली तर दोन वर्षांखालच्या पोरांचं शरीर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून धनुर्वाताचं निर्विष केलेलं विष जोडून देतात. मग शरीर खडबडून जागं होतं. मी तीस वर्षं लॅबमध्ये काढली, पण या जोडकामाचं कौतुक अजून ओसरलं नाही.

आता एचआयव्ही. त्याच्या अंगावर जीपी१२० नावाचं प्रथिन असतं. वजनाने जवळपास निम्मी साखरच, आणि तीही आपल्याच पेशीने चढवलेली! चोर आपल्याच घरातला शर्ट घालून निघाला तर सोसायटीचा वॉचमन कशाला अडवेल?

तरी एका एचआयव्हीबाधित माणसाच्या शरीरातून टूजी१२ नावाची अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला अडवणारं प्रतिद्रव्य, मिळाली, नेमकी जीपी१२०वरच्या मॅनोज नावाच्या साखरेच्या झुबक्याला चिकटणारी. म्हणजे जमू शकतं. पण तशी अँटीबॉडी मुद्दाम तयार करायची कशी? हुबेहूब आपली साखर टोचली तर शरीर घरचीच म्हणून सोडून देतं. अगदीच परकी टोचली तर तयार होणारी अँटीबॉडी विषाणूला ओळखत नाही.

इथे टायफॉईडचा नव्हे, दुसराच बॅक्टेरिया कामी आला: रायझोबियम रेडिओबॅक्टर. मातीतला जंतू, झाडांना गाठी आणणाऱ्यांच्या घराण्यातला. त्याच्या एका वाणाच्या अंगावर चार मॅनोजची शेपटी आहे, विषाणूवरच्या साखरेशी बरीच जुळणारी. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातले राल्फ पँटोफ्लेट यांचा गट त्यामागे लागला. तिच्यावरून थोडी बदललेली साखर लॅबमध्ये बनवली आणि सीआरएम१९७ला जोडली. हे घटसर्पाच्या विषाचं निरुपद्रवी रूप. २०१७ मध्ये छापून आलं: माणसाच्या अँटीबॉडीची जनुकं घातलेल्या उंदरांत जी प्रतिद्रव्यं तयार झाली, त्यांनी एचआयव्हीचे काही प्रकार रोखले. काही, सगळे नाहीत.

कळव्याचा विन्या:
मावशी, मग लस कधी?

नौपाड्याची मावशी:
विन्या, उंदरांवरचं काम आहे रे ते. २००९ मध्ये थायलंडच्या चाचणीत वेगळ्या लशीने सुमारे ३१ टक्के संरक्षण दिलं, तेही वापरायला पुरेसं ठरलं नाही. ज्यांच्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनी एकही दिवस चुकवू नये.

कोपरखैरणेचा मेडिकलवाला:
मावशी, दुकान बंद करताना फ्रिजमधलं लहान मुलांच्या न्यूमोनियाच्या लशीचं खोकं काढलं. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. सीआरएम१९७! इतकी वर्षं विकतोय. पोरीला फोटो पाठवलाय, अजून निळी टिक नाही.